उत्तरेच्या भिंतीतलं सिमेंट

सिमेंट कुणी भरलं हे शोधायला आर्किटेक्ट बाई लंडनहून आल्या आणि अर्ध्या तासात निकालही लावून मोकळ्या झाल्या. आमच्या गावच्या चर्चची उत्तरेकडची भिंत सातशे वर्षं चुन्यावर उभी होती. ओल आत शिरायची, तशी चुन्यातून बाहेरही पडायची. दगडांमधल्या दरजांत सिमेंट बसलं आणि ओल आतच कोंडली. आता आतल्या बाजूला संत क्रिस्तोफरच्या जुन्या चित्राचे पोपडे सुटताहेत. बाई म्हणाल्या, "शेवटचं काम सायलस गार्बेटचं. अडाणी गवंडी, दुसरं काय."

माझं टाळकंच सरकलं. सायलस माझे गुरू. चुना तीन महिने खड्ड्यात मुरल्याशिवाय त्याला थापी लावू न देणारा माणूस. भरलेल्या दरजांवर ओली पोती टाकून त्यांना तान्ह्या पोरासारखं जपायचे. आणि चर्चच्या समितीतले शहाणे खुशाल माना डोलावत होते! आमचे पाद्री, व्हिकर, तर अहवालासाठी नाव लिहूनही घेत होते. कोपऱ्यात सायलसची मुलगी थर्झा खाली मान घालून बसली होती. मला सगळ्यांचा संताप आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. कारण सिमेंट मी भरलं होतं.

साल एक्क्याऐंशी. सायलस आजारी पडले आणि काम माझ्यावर आलं. थंडी तोंडावर आलेली. ओला चुना गोठला की त्याचा भुगा होतो, म्हणून वसंतापर्यंत थांब, असं त्यांनी बजावलं होतं. पण माझं लग्न ठरलेलं, मला काम उरकायचं होतं. चार पोती सिमेंट आणलं, आठवड्यात भिंत भरली, वरून चुन्याचा हात फिरवला आणि गप्प बसलो.

मी उठलो. "ते नाव खोडा," व्हिकरना म्हणालो. "भिंत मी बिघडवली. सायलस नको म्हणाले होते."

थर्झाने वर पाहिलं. तिला जराही नवल वाटलेलं दिसेना, तेव्हा मी आणखीच भडकलो. "तुला माहीत होतं? मग बापाला अडाणी म्हणू कसं दिलंस?"

"बाबांनाही माहीत होतं, एनॉक. नखानं दरज खरवडून पाहिली होती त्यांनी. मी म्हटलं, समितीला सांगा. तर म्हणाले, तो स्वतः येईल सांगायला. मरेपर्यंत, नऊ वर्षं, दर रविवारी चहाला तुझा कप मांडायला लावायचे."

आणि मी नालायक, त्यांचं दार टाळायला शेतातून वळसा घालून जायचो.