ठोकलेले स्क्रू

गेल्या वैशाखात वादळानं रक्षाच्या घराचं छप्पर नेलं, तेव्हा वासे भिंतीवरून मुळे उपटावेत तसे निघाले. एक टीन झोपलेल्या लेकीच्या, स्वीटीच्या अगदी डोक्याजवळ येऊन पडलं. म्हणून यंदा वासे भिंतीला जखडायचं सामान आणायला रक्षा सासऱ्यांसोबत स्वतःच समुद्रपूरला गेली. सासरे, नत्थूजी, गिरडचे नावाजलेले सुतार. सुनेनं मध्ये बोलणं त्यांना मिरचीसारखं झोंबायचं.

दुकानदारानं पातळ पट्टी पुढे केली. रक्षानं ती अंगठ्यानं वाकवली आणि परत दिली. जाड, जस्त चढवलेले, काटकोनात वळवलेले लोखंडी अँगल घेतले. स्क्रूही लांब मागितले, लाकडात बोटभर खोल जाणारे.

"एवढे लांब कायले?" नत्थूजी गुरगुरले, पण घेऊ दिले.

सामान नवं आलं, हात मात्र जुनेच. नत्थूजींनी अँगल लावला, स्क्रू टेकवला आणि हातोडी घातली. चार ठोके हातोडीचे, शेवटचा फेरा पेचकसाचा. इकडे सगळे असंच करतात. रक्षा पुढे झाली.

"मामाजी, स्क्रू ठोकून काऊन राह्यले? आट्यानं लाकूड फाटते, मंग पकड राह्यत नाई."

"जलम गेला माहा ठोकण्यात! आता तू शिकवतं मले?"

पश्चिमेला आभाळ काळंठिक्कर पडलं होतं. वाद घालायला वेळ कुठे होता? रक्षानं पदर खोचला, दुसरा पेचकस घेतला आणि खोलीच्या पलीकडच्या टोकाला शिडी लावली. आधी बारीक भोक, मग फेऱ्यामागून फेरा. तळहाताला फोड आले. रागानं तिचं डोकं भणभणत होतं, पण तिनं एकही स्क्रू ठोकला नाही.

शेवटचा अँगल बसतो न बसतो तोच वादळ घुसलं. सासऱ्यांच्या बाजूचे वासे उठून दणादणा आपटू लागले. खाली बाजेवर स्वीटी होती. नत्थूजींनी उडी मारून वासा धरला आणि अंगाचा सगळा भार देऊन लोंबकळले. रक्षानं पोरीला उचललं, दाराकडे धावली. बाहेर कुणाचं तरी टीन भिरभिरत गेलं.

"बाहेर नोको जाऊ!" नत्थूजी ओरडले. "पोरीले तुह्या वाश्याखाली ने!"

ती गेली. डोक्यावरचे वासे करकरत होते, पण हलत नव्हते.

"मामाजी, सोडा तो! तुमी बी या इकडं!"

म्हाताऱ्यानं एकदा वर पाहिलं. मग हात सोडले आणि मान खाली घालून सुनेशेजारी येऊन उभा राहिला.