कुऱ्हाड कोण धरणार?

मार्चमधली दुपार. आसेगावचं निम्मं गाव आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जमलेलं. गहू कापणीला आलेला, पश्चिमेला आभाळ काळं झालेलं, आणि मधोमध भगवी शाल पांघरून गारबांधे महाराज ओरडत होते, "मेघराजा, तुले बांधला बारा गाठीनं!" जणू मेघराजा म्हणजे दाव्याला बांधलेलं वासरू!

गारा पडू लागल्या की अंगणात लोखंड फेकायची आपल्याकडची जुनी रीत. महाराजांनी तिचा धंदा केला होता. घरच्या कर्त्या माणसानं उघड्या शेतात कुऱ्हाड उंच धरून उभं राहायचं, मग ढग म्हणे वळतो. याआधी दोनदा तो वळलाही होता. आज पाळी माझ्या सासऱ्यांची, नानाजींची होती. वय बासष्ट.

माझी नणंद योगिनी पुण्यात वादळांवर संशोधन करते. गारा मोजायला तिनं शिवारात चंदेरी कागद लावलेल्या थर्माकोलच्या पाट्या ठेवल्या होत्या. गार पडली की त्यांवर खळगा उमटतो. ती धावत आली.

"बाबा, ते कुऱ्हाड टाका. मोकळ्या वावरात सगळ्यात उंच तुमीच दिसून राह्यले. वीज तुमच्यावरच पडन."

"तुले काय समजते, माय? महाराजानं दोन खेपा ढग वळवला."

महाराजांनी शाल डोक्यावरून ओढून ध्यान लावलं आणि लगेच उठले. "घरात विटाळ हाये. ढग ऐकत नाही. नानाजी, तुमी हलू नका. मी देवळातून जोर लावतो."

माझं डोकंच फिरलं. म्हाताऱ्याला विजेखाली उभा करून हा देवळात चालला! आजवर सासऱ्यांसमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी सरळ महाराजांची शाल ओढली. आत मोबाईल होता, त्यावर ढगांचं रडारचं चित्र.

"हे चित्र कोणालेही पाहता येते," योगिनी म्हणाली. "ढग बाजूनं जाताना दिसला का हे मंत्र म्हणतात. अंगावर येताना दिसला का विटाळ काढतात. मांगं शिरपूरकडे गारीचा पट्टा झोडपून गेला. यायनं मंत्रानं बांधलेल्या वावरातल्या पाटीवर अन् बाजूच्या पाटीवर खळगे सारखेच हायेत."

"अन् आजचा ढग?" मी विचारलं.

"इकडंच येते, वहिनी. पंधरा मिनिटात."

मी सासऱ्यांच्या हातून कुऱ्हाड घेतली अन् महाराजांपुढे धरली. "घ्या, महाराज. आज तुमी उभे राहा."

महाराज चपला सोडून गाडीकडे पळाले. नानाजी त्यांच्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "चाला रे घरी समदे."

गारा पडल्या. गहू झोपला, आमचं वर्ष गेलं. नानाजी भिंतीला टेकून रडले, मीही रडले. पण रडायला ते घरात होते.

ढग कोणाचं ऐकत नाही, ना महाराजाचं, ना माझं. तो कुठून येतो एवढं मात्र आधी कळतं, तेही फुकट. गडगडलं की वावर सोडा, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. आणि तुम्हाला उघड्यावर उभं करून कोणी स्वतः निघू लागला, तर त्याची वाट अडवा आणि विचारा, "तू काहून नाही थांबत?"