शाळा बघायला आलेल्यांची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. वर्गातली नव्हे, मोठ्या बाईंच्या खोलीतली. टेबलाच्या अलीकडे, आल्यागेल्यानं टेकायला ठेवलेली. एका सरकारी प्राथमिक शाळेत माझं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं, आणि त्या एवढ्या मुलांच्या शाळेत एकही मूल माझ्यावर कधी बसलं नाही. बसू दिलं नाही, असं म्हणा.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. तोंडात खिळे धरून गुणगुणायची त्याला सवय होती. एकाच लाकडातून त्यानं आम्हा दोघींना काढलं, मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला. हात सारखे, पाठ सारखी, गादीचं हिरवं रेक्झिनसुद्धा एकाच तुकड्यातलं. जोडीनं विकायचं त्याच्या मनात होतं, पण शाळेला एकच खुर्ची मंजूर झाली होती. मला टेम्पोत आडवी घातली तेव्हा बहीण दुकानाबाहेर उन्हात उभी होती. पुढं तिचं काय झालं, कुणी सांगितलं नाही. खुर्चीला कोण सांगणार?

शाळा बसकी, लांबट, पत्र्याची. ओळीनं वर्ग आणि शेवटाला मोठ्या बाईंची खोली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. अंगानं बारीकच होत्या, पण मुलं त्यांना मोठ्या बाईच म्हणायची. मी आले त्याच दिवशी पहिलीतली एक मुलगी धावत आली आणि माझ्यावर गुडघा टेकवून चढायला लागली. शिपाईकाका ओरडले, "ए, उतर आधी! ती साहेबांची आहे."

साहेब म्हणजे तपासणीला येणारे अधिकारी. ते यायचे वर्षाकाठी एकदा. बाकीचा सगळा काळ माझ्या गादीवर प्लॅस्टिकचं आवरण, आणि मी पाहुण्यांची वाट बघत. भिंतीपलीकडून पाढे ऐकू यायचे, मधल्या सुट्टीचा दंगा ऐकू यायचा, कुणीतरी पडून भोकाड पसरायचं. मला दिसायची फक्त बाईंच्या टेबलाची पुढची फळी.

मात्र माणसं बघायला मिळाली. शाळा कशी आहे हे ठरवायला आलेली माणसं. एक वडील आले की नुसतं छत बघत बसायचे. एका बाईसाहेबांनी माझ्या हातावरून बोट फिरवलं, धूळ बघितली आणि नाक मुरडलं. झाली त्यांची परीक्षा. एका आजोबांनी विचारलं, "मारता का मुलांना?" बाई म्हणाल्या, "नाही हो." तर आजोबांचा चेहराच पडला. "मग शिकणार कसं कार्टं?"

बाई प्रत्येकाला म्हणायच्या, "वर्ग बघता का? चला ना."

"नको नको. बघितल्यासारखंच आहे."

आणि माझ्यावरूनच उठून, माझ्यावर बसून बनवलेलं मत घेऊन ती माणसं परत जायची.

मग एके सकाळी ती आली. दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी करून तशीच आलेली, डोळे तांबारलेले, केस चापून बांधलेले. बरोबर सात वर्षांची मुलगी, आईच्या ओढणीत अर्धी लपलेली. आई तिला गोटी म्हणत होती.

"बसा," बाई म्हणाल्या.

"बसते, पण इथं नको. दुसरीच्या वर्गात बसू का? दिवसभर?"

बाई हसल्या. "बसा की. पण तिथं मोठ्या माणसाला बसायला काही नाही. मुलं खाली सतरंजीवर असतात."

"मग ही नेऊ?" म्हणत तिनं मलाच उचललं. शिपाईकाका "अहो, ती साहेबांची..." म्हणेपर्यंत आम्ही दाराबाहेर.

असा मी वर्ग पाहिला. आयुष्यात एकदाच.

दुसरीला एक उंचच उंच शिक्षक होते. मुलं त्यांना शिडीसर म्हणायची, अगदी तोंडावरसुद्धा. फळ्यावर वजाबाकी होती, बेचाळीसातून सतरा. एका पोरानं ठणकावून सांगितलं, "पस्तीस!" मला वाटलं, आता ओरडा बसणार. शिडीसर म्हणाले, "कसं काढलंस? ये, सांग सगळ्यांना."

तो आला, खडू घेतला. "दोनातून सात जात नाहीत. म्हणून मी सातातून दोन घालवले."

वर्ग विचारात पडला. सर बाजूला झाले. मागून एक वेणीवाली म्हणाली, "अरे, पण घालवायचे सात आहेत ना? तू उलटेच घेतलेस!" पोरगा फळ्याकडे बघत राहिला, मग स्वतःच खो खो हसला आणि तळहातानं पस्तीस पुसून टाकले. माझ्या हातावर त्या नर्सची बोटं घट्ट आवळलेली होती. ती तेव्हा सैल झाली.

ती नुसती बसून राहिली नाही. मधल्या सुट्टीत उठली, शाळाभर फिरली. चौथीच्या वर्गात डोकावली, हे मला मागाहून तिच्या बोलण्यातून कळलं. तिथं शिक्षकच नव्हते, त्यांना कसल्याशा मोजणीच्या कामावर पाठवलं होतं, आणि मुलं फळ्यावरचा जुनाच मजकूर उतरवत बसली होती. पाण्याची टाकी उघडून पाहिली. मुलींच्या संडासात जाऊन आली. शाळा सुटल्यावर मला पुन्हा उचलून बाईंच्या खोलीत आणलं आणि मग कुठं बाईंसमोर बसली.

"बोला," बाई म्हणाल्या. आवाज जरा बारीक झाला होता.

"दुसरीचे सर चांगले आहेत. चौथीची मुलं वाऱ्यावर आहेत. आणि मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. मुली जातच नाहीत. जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. पोट धरून दवाखान्यात येतात ना, त्या ह्याच मुली."

बाईंचा चेहरा लाल झाला. "चौथीसाठी मी सारखी मागणी करतेय. मिळेना. पण कडीचं... कडीचं माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"मग गोटीला घेताय ना?"

"म्हणजे? एवढं सगळं बघून तुम्ही तिला इथं घालणार?"

"आधीच्या शाळेत गुळगुळीत फरशी होती. हिला बोलताना अडतं. तिथल्या मॅडमना सांगायला गेले तर म्हणाल्या, आमच्याकडे कुणाची तक्रार नसते. तुम्ही निदान हो, चुकलं म्हणालात."

दुसऱ्या दिवशी शिपाईकाकांनी कडी बसवली. खिडकी जवळच होती, त्यामुळं ती लागल्याचा आवाज मला ऐकू यायचा. खट्. दिवसातून कितीतरी वेळा.

माझ्यावर पुन्हा प्लॅस्टिक चढलं. पण एकदा वर्ग पाहिल्यावर मला त्या खोलीत करमेना. पूर्वी भिंतीपलीकडचा आवाज नुसता आवाज होता. आता मी कान लावून असायची. कोण अडलं, कोण हसलं, खडू कुणाच्या हातात गेला. गोटी बोलायला लागली की वर्ग एकदम शांत व्हायचा. शिडीसरांनी मुलांना पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "तिचा शब्द तिचा आहे. आपण पुढं होऊन बोलायचा नाही." पोरं ते पाळायची. चाळीस चुळबुळ्या पोरांचं ते गप्प बसणं भिंतीतून ऐकू यायचं. मला वाटायचं, कुणीतरी यावं आणि मला पुन्हा आत न्यावं. कुणी आलं नाही.

तपासणी आली. नवे साहेब होते, चष्मा लावणारे, थकलेले. त्या दिवसातली ही त्यांची तिसरी शाळा. त्यांच्या हातात एक यंत्र होतं, पाटीएवढं. त्यावर मुलानं एक मिनिट वाचायचं, आणि वाचता येतं की नाही ते यंत्रच ठरवणार. मुलांची नावंही तेच काढणार.

चौथीला वाचनाशिवाय गणितही होतं. मुलं आली आणि अडली. भागाकार त्यांना कुणी शिकवलाच नव्हता. बाई मान खाली घालून उभ्या होत्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग दुसरीतून नाव निघालं ते गोटीचं.

"साहेब," बाई पटकन म्हणाल्या, "हिला जरा वेळ लागतो. वाचता येतं तिला. पण एक मिनिटात..."

"बाई, माझ्या हातात असतं तर दिला असता. सुरू कर गं बाळ."

बगळ्याची गोष्ट होती. गोटीनं श्वास घेतला. "ब... ब... ब..." तिचे ओठ मिटले, मान ताठ झाली. शिडीसर दारात उभे होते. त्यांनी हाताची घडी घट्ट केली, पण तोंडातून शब्द काढला नाही. "बगळा," गोटी म्हणाली. "न... नदीच्या काठी..."

टुंग. यंत्र वाजलं. मिनिट संपलं. पडद्यावर लाल खूण उमटली.

साहेबांनी यंत्र घ्यायला हात पुढं केला. पण गोटीला त्या आवाजाचं काही ठाऊक नव्हतं. तिच्या वर्गात वाक्य पूर्ण होईपर्यंत कुणी उठत नसे. ती वाचतच राहिली. साहेबांचा हात तसाच हवेत थांबला, मग हळूच परत माझ्या हातावर आला. एवढी वर्षं माणसं माझ्यावर मागं रेलून शाळा जोखत आली होती. हा माणूस पुढं सरकला, माझ्या अगदी कडेवर आला आणि ऐकू लागला. बगळा पाण्यात उतरला, मासा निसटला, बगळा उपाशी उडून गेला. सगळं अडखळत, पण एकही शब्द न चुकता.

"झ... झालं," गोटी म्हणाली.

"हो," साहेब म्हणाले. "झालं."

ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "साहेब, आता लिहा ना. वाचता येतं म्हणून."

"मिनिट संपलं की ते पान बंद होतं. मला उघडता येत नाही."

"आणि तुम्ही ऐकलंत ते?"

"ते मी ऐकलं, बाई." त्यांनी चष्मा पुसला. मग बाहेर गाडीचा भोंगा वाजला आणि त्यांना उठावं लागलं.

शाळेला 'ड' मिळाला. शेवटची श्रेणी. फाटकावर ते अक्षर रंगवून घ्यायचा हुकूम होता; रंगवलं.

त्यानंतर माझ्यावर बसायला फार माणसं आली. सगळी मुलांचे दाखले काढून न्यायला. कुणी नजर चुकवायचं, कुणी उगाच हवापाण्याच्या गप्पा मारायचं. वेणीवालीचे वडील म्हणाले, "राग मानू नका बाई. शिकवता चांगलं. पण नातेवाईक विचारतात ना, पोरगी ड मध्ये आहे का म्हणून." बाई सह्या करत राहिल्या. भिंतीपलीकडचा आवाज रोज थोडा पातळ होत गेला. शेवटी शाळा बंद करून उरलेली मुलं रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळायचं ठरलं. शिडीसरांची बदली लांब झाली.

नर्स शेवटपर्यंत थांबली होती. निरोप घ्यायला मायलेकी आल्या तेव्हा गोटी टेबलाला धरून उभी राहिली.

"बाई, तिकडं म... माझ्यासाठी थांबतील का?"

बाईंनी तिचे केस सारखे केले. सारखेच होते ते. "नाही थांबले तर तू सांगायचं. थांबा म्हणून."

गोटीनं प्रयत्न करून पाहिला. ओठ हलले, मान ताठ झाली. मग ती कसनुसं हसली. "बाई, प... पण तोच शब्द मला येत नाही."

नर्सनं तोंड फिरवलं. बाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि गोटीला जवळ घेऊन उभ्या राहिल्या. मी शेजारीच होते. कुणीच बसलं नाही.

नंतर ट्रक आला. फळे गेले, सतरंज्या गेल्या, घंटा गेली. मला शिक्षणखात्याच्या कचेरीत आणून व्हरांड्यात ठेवलं, भिंतीला टेकवून. इथं आम्ही बऱ्याच जणी आहोत ओळीनं, एकीचा हात मोडका, एकीची वेताची बैठक खचलेली. सगळ्या बंद पडलेल्या शाळांमधल्या. एकमेकींशी बोलत नाही. काय बोलणार? प्रत्येकीला आपापल्या भिंतीपलीकडचं तेवढं ठाऊक. साहेब रोज समोरून जातात. अजून थकलेले दिसतात. मला ओळखत नाहीत. माझी गादी आता इतकी फाटली आहे की मीही मला ओळखलं नसतं.

परवा मोठ्या बाई आल्या. निवृत्तीच्या कामासाठी, हातात टोकन घेऊन. रिकामी दिसली म्हणून नेमक्या माझ्यावर बसल्या. काटक्यांसारख्या हलक्या झाल्यात. माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला, पण तसा तो कुणीही ठेवतं.

शेजारी एक तरुण शिक्षिका होती, नवीन लागलेली, बोलकी. तिनं विचारलं, "तुमची शाळा कशी होती हो, मॅडम? चांगली होती?"

बाईंनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं.

"एवढ्यात कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "मुलं अजून लहान आहेत."

त्यांचा नंबर पुकारला. त्या उठल्या आणि आत गेल्या. काम झाल्यावर दुसऱ्या दारानं गेल्या असाव्यात. परत या बाजूला आल्या नाहीत.

आत्ता माझ्यावर टेकलात ना, तुमचाही नंबर येईल. उठाल तेव्हा एक करा. मुलं मोठी होऊन कधी आली तर दिसायला हवीत, म्हणून मला भिंतीपासून जराशी पुढं ओढून ठेवा. इथून कचेरीचं फाटक दिसत नाही.