सात नंबरचं कोरं दार

रोवेना प्लँकला गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीचा छडा लावायची भारी हौस. कुणाच्या दारात नवी गाडी आली, कुणाच्या कुत्र्याचा पाय मुरगळला, सगळं तिला ठाऊक हवं. त्यामुळे ऑक्टोबर उजाडला की तिचं जेवणातही लक्ष नसे. महिनाअखेरीस येणाऱ्या हॅलोविनच्या, म्हणजे भुताखेतांच्या सणाच्या, आधी दोन आठवडे त्यांच्या गल्लीत एक गंमत चाले. संध्याकाळी कुणीतरी तुमच्या दाराशी खाऊची थाळी ठेवी, बेल वाजवी आणि धूम ठोकी. थाळीबरोबर एक कागदाचं भूत असे. ते दारावर चिकटवलं की या घरी खाऊ पोचला हे सगळ्यांना कळे. मग तुम्ही आणखी दोन घरी तसाच खाऊ गुपचूप पोचवायचा. आपल्या दाराशी थाळी कुणी ठेवली याचा तपास रोवेना दरवर्षी पोलिसांना लाजवेल अशा चिकाटीने करी.

यंदा मात्र तिला वेगळंच कोडं पडलं. ओहायोतल्या लहानशा गावातली ती अकरा घरांची गल्ली. कुत्र्याला फिरवताना तिने मोजलं, दहा दारांवर भुतं होती आणि सात नंबरचं दार कोरं होतं. तिथे नॅडीन वोयचिक राहायची. तिचा नवरा एमिल मार्चमध्ये हृदयविकाराने गेला होता.

पत्रपेटीपाशी शेजारची ट्रूडी भेटली. रोवेनाला राहवतंय होय?

"काय गं ट्रूडी, नॅडीनकडे कुणीच कसं गेलं नाही?"

"मला वाटलं, तू जाशील."

"पण तू का नाही गेलीस?"

ट्रूडीने हातातली पत्रं उगाच खालीवर केली. "अगं, बरं दिसतं का ते? घरातलं माणूस गेलंय, आणि आपण दारावर भूत चिकटवायला द्यायचं? बिचारीला नको ती आठवण."

आणखी दोन घरी विचारलं, तर तिथेही हेच उत्तर. जणू सगळ्यांनी ठरवून पाठ केलं होतं. रोवेनालाही ते पटलं. निदान घरी पोचेपर्यंत तरी पटलं होतं.

स्वयंपाकघरात व्हेल्माआत्या तिची वाट बघत होती. ऐंशी वर्षांची ही आत्या पाच वर्षांपासून रोवेनाकडेच राहायची आणि दरवर्षी ब्राउन्या सजवायला बसायची. रोवेनाच्या ब्राउन्या गल्लीत नावाजलेल्या. ओलसर, काळ्याभोर चॉकलेट केकच्या चौकोनात दगड म्हणून लांबट बिस्किट उभं खोचायचं, त्यावर पांढऱ्या आयसिंगने एखादं गमतीचं नाव लिहायचं आणि भोवती हिरवा रंगवलेला खोबऱ्याचा कीस पेरायचा. झालं गवतातलं थडगं. पोरं त्यावर तुटून पडत.

"ही थाळी कुणाची?" बिस्किट खोचता खोचता आत्याने विचारलं.

"एका घरी दिला खाऊ. आता राहिली फक्त नॅडीन. पण तिच्यापुढे थडगी कशी ठेवू, तूच सांग. यंदा राहू दे म्हणते."

"थडगी नकोत, तर भोपळे काढ. पण जा."

"आत्या, तिला उगाच आठवण करून द्यायची नाहीये मला."

"म्हणजे एरवी ती विसरलेली असते होय?"

रोवेना आयसिंग घोटत राहिली. आत्या मात्र एवढ्यावर सोडणाऱ्यांतली नव्हती.

"तुझे आतोबा गेले ना, तेव्हा पंधरा दिवस आमच्या ओट्यावर लोकांनी आणलेल्या जेवणाच्या भांड्यांना जागा नव्हती. सोळाव्या दिवसापासून लोक मला बघून रस्ता बदलायला लागले. वाईट नव्हते गं कुणी. काय बोलावं ते सुचायचं नाही त्यांना. पण मला वाटायचं, यांनी नवऱ्याबरोबर मलाही पुरून टाकलं की काय. तिला त्रास नको, असं म्हणतो आपण. खरं तर तो अवघडलेपणा आपल्याला नको असतो."

रोवेनाला एकदम आठवलं. जुलैत दुकानात टोमॅटोच्या डब्यांपाशी तिला नॅडीन दिसली होती. तिने सामानाची गाडी झटकन वळवली होती आणि नॅडीन बाहेर पडेपर्यंत कुत्र्यांच्या खाण्यापाशी उभी राहिली होती. आपल्याला घाई होती, असं तेव्हा तिने मनाला समजावलं होतं. घाई कसली? तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ती नारिंगी भोपळे काढलेल्या ब्राउन्या आणि कागदी भूत घेऊन सात नंबरच्या पायऱ्या चढली. तिने थाळी खाली ठेवली, बेल वाजवली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने पाय वळलेच. ती दोन पायऱ्या उतरलीसुद्धा. आणि मग तिच्या लक्षात आलं, मार्चपासून आपण या बाईला बघून नुसते पळतोच आहोत! ती परत वर चढली आणि थाळी हातात घेऊन दारासमोर उभी राहिली.

दार उघडलं. नॅडीन तिच्याकडे बघतच राहिली.

"पळायचं असतं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. नाही पळाले."

नॅडीनने थाळीवरचा कागद उचलून पाहिलं. "थडगी कुठायत?"

"यंदा म्हटलं... भोपळे बरे."

"एमिलला तुझी थडगी फार आवडायची. आधी दगड खायचा, मग कबर."

"आणि दगड कडक झालाय म्हणून दरवर्षी मला ऐकवायचा तुझा एमिल," रोवेनाच्या तोंडून निघून गेलं.

नॅडीन हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. रोवेना घाबरली, पण जागची हलली नाही.

"एप्रिलपासून त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं गं माझ्यापुढे," नॅडीन म्हणाली. "नुसतं पत्रांवर येतं. रोज संध्याकाळी खिडकीतून सगळ्यांच्या दारावरची भुतं बघायचे. म्हटलं, या गल्लीतून आपलं नाव कमी झालं. हॅलोविनला पोरं खाऊ मागायला दाराशी येऊ नयेत म्हणून दिवा बंद करून बहिणीकडे जाऊन बसणार होते मी."

"दिवा बंद केलास तर बघ. थांब, थडगी आणते. आत्याने संपवली नसतील तर."

मग दोघी पोर्चवर बसून थडगी खात राहिल्या, आणि एमिलच्या गोष्टी निघत राहिल्या. पानांच्या ढिगात लपून तो पोरांना कसा घाबरवायचा, ते सांगताना नॅडीनचा आवाज कापला नाही. उठताना तिने कागदी भूत दारावर चिकटवलं आणि ती विचारात पडली.

"आता मी कुणाला देऊ? आपली सगळी घरं झाली."

"मग राहू दे की."

"नाही." नॅडीन मागच्या रस्त्याकडे बघत होती. "शाळेची बस चालवायचा तो ऑर्विल आहे ना, त्याची बायको ऑगस्टमध्ये गेली. दोनदा दिसला मला. दोन्ही वेळा मी मान खाली घालून पुढे गेले. त्याला आठवण नको म्हणून."

जिने हे सहा महिने भोगलं, तिनेही तेच केलं होतं.

मंडळी, तुमच्या-माझ्या वस्तीतही असं एखादं कोरं दार असतं. तिथे काय बोलावं ते सुचणार नाही, शब्द अडखळतील, समोरचा माणूस रडेलही. रडू द्या. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला कचरू नका, कारण ते ऐकायला त्या घरातले कान आसुसलेले असतात. नॅडीन दुसऱ्या दिवशी ऑर्विलकडे गेली. तिने बेल वाजवली आणि दार उघडेपर्यंत तिथेच उभी राहिली. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे.