वाकडं झाकण

कांता गेली हे मला पाण्याच्या वेळी कळलं.

ठाण्याजवळ दिवा गावात आमच्या चाळीत एक दिवसाआड पाणी येतं. दुपारी, जेमतेम पाऊण तास. नळ फुसफुसायला लागला की कांता हातातलं काम टाकून यायची, माझ्यात सोडलेला पाइप नळाला जोडायची आणि मी भरेपर्यंत माझ्या कडेवर हात ठेवून उभी राहायची. त्या दिवशी नळ फुसफुसला, मग धारेने वाहू लागला, आणि कुणीच आलं नाही. पाणी दारातून सरळ गटारात चाललं होतं. शेवटी चाळीची मालकीण सखुबाई आली. तिने नळ बंद केला आणि माझ्या अंगाला टेकून मटकन खाली बसली.

"कांते, तुजं पानी वाया चाललंय गं," असं म्हणून ती रडायला लागली. तेव्हा मला कळलं.

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. दोनशे लिटरचा, प्लास्टिकचा. माझी हकीकत फार मोठी नाही. पण ती मी कुणाला सांगितलेली नाही, आणि ज्याला सांगायला हवी तो कालपर्यंत माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

माझं पहिलं आयुष्य डोंबिवलीच्या एका कारखान्यात गेलं. माझ्यात साबणाला लागणारं पातळ द्रव्य भरलेलं असायचं. ते संपलं आणि मी भंगारवाल्याकडे गेलो. तिथून रामाने मला आणलं. रामा तेव्हा घोडबंदर रोडच्या एका उंच इमारतीत वॉचमन होता, अजूनही आहे. त्या इमारतीच्या आवारात पोहायचा तलाव आहे, असं तो घरी येऊन सांगायचा. "आख्खी चाळ वर्षभर पुरवेल एवढं पाणी आहे गं. आणि त्यात कुणी उतरत नाही."

कांताने मला तीन दिवस धुतलं. तरी आठवडाभर माझ्या पाण्याला फेस यायचा. ती म्हणाली, "असू दे. साबणाचा खर्च वाचला."

अशी होती ती. प्यायचं पाणी ती हंड्यात भरायची आणि बाकी सगळं माझ्यात. मी दाराजवळ उभा असायचो. येणारा-जाणारा माझ्यावर पिशवी ठेवायचा, कोपर टेकवायचा. अमृता, म्हणजे रामा-कांताची मुलगी, लहानपणी मला टेकून पाढे पाठ करायची. पुढे तिचं लग्न झालं आणि ती वर्तकनगरला गेली. सखुबाईच्या नातवाच्या हळदीला मला मानाने नेलं होतं, कारण चाळीत माझ्याएवढा मोठा आणि न गळणारा ड्रम दुसरा नव्हता. ते माझे चांगले दिवस होते.

माझं झाकण घट्ट बसायचं. पण एका वर्षी चौदा एप्रिलला चाळीच्या मैदानात जयंतीचं जेवण होतं. भाताचं पातेलं चुलीवरून उतरवलं, आणि खाली सतरंजी जळेल म्हणून रामाने माझं झाकण आणून त्यावर पातेलं ठेवलं. त्याला घाईत तेवढंच सुचलं. सतरंजी वाचली. झाकण मात्र द्रोणासारखं वाकडं झालं आणि परत कधी माझ्यावर नीट बसलं नाही. एका बाजूला चार बोटं फट राहायची.

"नवीन आणतो," रामा म्हणाला.

"कधी?"

"रविवारी."

पुढे कितीतरी रविवार गेले. कांता त्या फटीतून पाइप कायमचा आत सोडून ठेवायला लागली. सोयीचं होतं ते. पाणी आलं की धावाधाव कमी.

त्याच फटीतून एक दिवस डासाची मादी आत आली.

मित्रांनो, मी ड्रम आहे, शाळेत गेलेलो नाही. मला जे माहीत आहे ते मी मेघनाताईंकडून ऐकलं. त्या पालिकेच्या आरोग्यसेविका. महिन्यातून एकदा यायच्या, माझ्यात बॅटरीचा उजेड टाकायच्या आणि बायकांना गोळा करून सांगायच्या. त्या म्हणायच्या, विषाणू इतका बारीक असतो की साध्या डोळ्यांना दिसतच नाही. त्याला एकट्याने वाढता येत नाही. तो माणसाच्या शरीरातल्या पेशीत शिरतो आणि तिला स्वतःच्या कामाला जुंपतो. मग ती पेशी तिचं काम सोडून त्याच्याच नकला बनवत बसते. हजारो नकला बाहेर पडतात आणि दुसऱ्या पेशींत शिरतात. शरीर त्यांच्याशी लढतं, तोच आपला ताप.

"पण एका माणसातून दुसऱ्यात जायची प्रत्येकाची वाट वेगळी," मेघनाताई सांगायच्या. "सर्दी, कोरोना हे खोकल्यातून, श्वासातून जातात. काविळीचा एक प्रकार घाण पाण्यातून जातो. डेंग्यूचा विषाणू हवेतून जात नाही, हात लावून जात नाही. त्याला डास लागतो. तापलेल्या माणसाला डास चावला की विषाणू डासात जातो, तिथे आठ-दहा दिवस वाढतो, आणि मग तो डास ज्याला चावेल त्याच्यात उतरतो."

"डास गटारात होतात, ताई," कांता म्हणाली. "माझं पाणी काचेसारखं आहे."

"या डासाला काचेसारखंच लागतं. आणि तो दिवसा चावतो. तुम्ही रात्री मच्छरदाणी लावता आणि दिवसभर उघड्या बसता."

त्यांनी माझ्या आत उजेड टाकला. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. कांता त्यांना किडे समजायची आणि जुन्या साडीच्या फडक्याने पाणी गाळून घ्यायची.

"आठवड्यातून एकदा ड्रम पूर्ण रिकामा करा," मेघनाताई म्हणाल्या. "काथ्याने आतून घासा आणि उन्हात कोरडा करा. नुसतं ओतून उपयोग नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात."

"ओतून टाकू? आणि भांडी काय थुंकीने घासू?"

सगळ्या बायका हसल्या. मेघनाताईही हसल्या. जाता जाता म्हणाल्या, "निदान झाकण तरी बदला."

"रविवारी आणतो," रामा आतून म्हणाला.

"ह्यांचा रविवार अजून यायचाय," कांता म्हणाली.

मी कधीच पूर्ण रिकामा झालो नाही. अर्धा झालो की पुन्हा भरला जायचो. कांताला मी दोष देत नाही. जिने पाण्यासाठी भर उन्हात रांगा लावल्या आहेत, तिच्या हातून भरलेला ड्रम उपडा होत नाही.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि रामाला ताप आला. अंग मोडून आलं, डोळे दुखायला लागले. तपासणीत डेंग्यू निघाला. तो दाराजवळ, माझ्या शेजारीच खाट टाकून दिवसभर पडून असायचा, कारण तिथे वारा येतो. कांता त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवायची. त्याचं उष्टं पाणी ती प्यायची.

रामा म्हणायचा, "लांब बस गं. तुला होईल."

"झालं तर होऊ दे. एकट्यालाच आराम पाहिजे वाटतं?"

त्या दिवसांत माझ्या पोटातून उठलेली डासाची एक मादी त्याच्या पायावर बसली. मी बघत होतो. मला हात नाहीत, तोंड नाही. ती पोटभर रक्त प्याली आणि परत माझ्या सावलीत येऊन बसली. रामा बरा होऊन कामावर गेला. दोन आठवड्यांच्या आत कांताला थंडी वाजून ताप भरला.

चौथ्या दिवशी तिचा ताप उतरला. दोघांना वाटलं, सुटलो. रामा कामावर गेला. मेघनाताईंनी एकदा सांगितलं होतं की डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायचं असतं. पोट दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच दवाखाना गाठायचा. ते ऐकलं होतं सगळ्यांनी, पण त्या दिवशी कुणाला आठवलं नाही. पाण्याची वेळ झाली तशी कांता उठली. एका हाताने पोट धरून तिने मला भरलं आणि माझ्यापाशीच तिला उलटी झाली. संध्याकाळी अमृता आली आणि तिला ठाण्याला दवाखान्यात घेऊन गेली. दोन दिवसांनी काय झालं ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला खूप माणसं आली. पांढरे कपडे, मेणबत्त्या, बुद्धवंदना. ती माणसं गेल्यावर रामाने मला दोन्ही हातांनी ढकलून आडवा केला. सगळं पाणी ओतलं आणि मला भिंतीपाशी उपडा घातला. एकट्या माणसाला दोन बादल्या पुरतात. तेव्हापासून मी कोरडा आहे.

रामाच्या मनात एकच बसलं होतं. आपणच कांताला ताप दिला. आपल्या कपाळाला हात लावून तिला झालं. कोरोनात चाळीला बांबू लावले होते, तेव्हा त्याने एक नियम शिकला होता, लांब राहायचं. तोच नियम त्याने इथे लावला. आल्यागेल्यांपासून स्वतःची ताट-वाटी वेगळी केली. अमृता आपल्या चार वर्षांच्या मुलीला, दिशाला, घेऊन यायची तेव्हा तो तिला उंबऱ्याबाहेर थांबवायचा.

"पप्पा, ती तुम्हाला भेटायला आलेली. दोन मिनिटं मांडीवर तरी घ्या."

"नको. लांब ठेव तिला."

तो खाऊची गोळी आणून माझ्या उपड्या बुडावर ठेवायचा आणि चार पावलं मागे सरकायचा. मग दिशा पुढे येऊन ती उचलायची. आजोबा आणि नात यांच्यामध्ये सगळा हिवाळा मी उभा होतो. एकदा तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही ड्रमला घाबरता?" तो आत निघून गेला. नंतर अमृता येईनाशी झाली. फोन करायची, आणि तो "बरा आहे" म्हणून ठेवून द्यायचा.

गेल्या आठवड्यात मेघनाताई आल्या. त्यांनी खुर्ची मागितली. रामाने ती लांबूनच सरकवली.

"तुम्ही मला का घाबरता, रामाभाऊ?"

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हाताने होत नाही हो ते," त्या म्हणाल्या. "उष्ट्याने होत नाही. त्यांनी तुमची सेवा केली म्हणून त्या गेल्या नाहीत."

"मग माझ्यातून गेलंच नाही तिला?"

मेघनाताईंनी खुर्ची पुढे ओढली. "गेलं असेल, पण डासातून. तापात तुम्ही दिवसा मच्छरदाणीत झोपला असतात आणि ड्रमला झाकण असतं, तर कदाचित गेलं नसतं. आता तुमच्या अंगात काही नाही. नातीला जवळ घ्या."

रामा खाली बघत राहिला. मग म्हणाला, "झाकण मीच वाकडं केलं."

मेघनाताई उठल्या. निघताना म्हणाल्या, "ड्रम परत भराल तर आधी घासा. अंडी कोरडी होऊन महिनोन्महिने टिकतात. पाणी लागलं की फुटतात."

काल रामाने अमृताला फोन केला. मी ऐकलं.

"रविवारी ये. दिशाला आण. महिनाभर राहायला या."

"खरंच, पप्पा?"

"हो. पाणी भरून ठेवतो."

मग तो बाहेर आला. सात-आठ महिन्यांनी त्याचा हात माझ्या अंगाला लागला. त्याने मला सरळ उभा केला आणि आत डोकावला. भिंतीतल्या खिळ्याला कांताचा काथ्या अजून टांगलेला आहे. तो त्याने काढला, हातात धरून बराच वेळ उभा राहिला, आणि परत होता तसा टांगून ठेवला. "उद्या," असं काहीसं पुटपुटला. मला राग आला नाही. तिच्या हातातली वस्तू वापरणं त्याला जड जातं.

पण मित्रांनो, माझ्या आत कडेला काळ्या ठिपक्यांची एक रांग आहे. त्या अंड्यांतून नुसते डास निघतील. विषाणू बहुतेक कुणाच्या तरी तापातून त्यांच्यात जाईल, आणि चाळीत सध्या दोन घरांत ताप आहे. मला बोलता आलं असतं तर मी रामाला एवढंच म्हटलं असतं की बाबा, दुःख नंतर कर, आधी मला घास. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, ड्रम, टाकी, कुलरची ताटली, तर त्याच्या आत एकदा बघा. त्याला स्वतःहून सांगता येत नाही.

आज शुक्रवार आहे. उद्या दुपारी पाणी येईल. परवा दिशा येईल.

माझी आतली कड अजून घासलेली नाही, आणि नवीन झाकण आणलेलं नाही.