सुट्या शब्दांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझा जन्म बिस्किटांसाठी झाला. बिस्किटं संपली की डब्यांच्या नशिबी सुया-दोरे येतात, नाही तर गंजके खिळे. माझ्या नशिबी इंग्रजी आलं. माझं झाकण जरा सैल आहे. कुणी जोरात चाललं तरी ते खडखडतं आणि घरातले म्हणतात, डबा वाजतोय. खरं तर मी घाबरलेला असतो. माझा स्वभावच काळजीचा, त्याला मी तरी काय करणार!

मला कामाला लावलं ते बाईंनी. त्यांच्या नवऱ्याचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत बाई दुपारी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात. नवऱ्याला सगळे बाइंडरकाका म्हणतात. त्यांच्याकडच्या उरलेल्या पुठ्ठ्याची बाईंनी कार्डं कापली आणि माझ्या पोटात तीन कप्पे केले. पहिल्यात मोठी क्रियापदं : टर्न, पुट, टेक. तिसऱ्यात छोटे शब्द : ऑफ, अप, बॅक. मधल्यात पातळ कागदाची सर्वनामं : इट, हिम, देम.

या छोट्या शब्दांना कमी समजू नका. टर्न म्हणजे वळवणं. पण त्याच्या मागे ऑफ येऊन उभं राहिलं की दिवा बंद होतो आणि अप आलं की आवाज वाढतो. नळ, दिवा अशी नावं मधेही बसतात आणि शेवटीही, त्यांचं काही म्हणणं नसतं. इट आणि हिमला मात्र अशा जोड्यांत मधलीच जागा लागते : टर्न इट ऑफ. शिवाय राइट नावाचं एक कार्ड होतं. ते छोट्या शब्दाच्या पुढ्यात उभं राहून त्याला जोर देई. पुट इट राइट बॅक, म्हणजे घेतलंस तिथेच, अगदी तिथेच ठेव. आणि एक जोडी सगळ्यांहून वेगळी होती : लुक आफ्टर, म्हणजे काळजी घेणं. या दोघांच्या मधे हिमलाही शिरकाव नव्हता, त्याला मुकाट मागे उभं राहावं लागे. म्हणून बाईंनी ती दोनच कार्डं लाल दोऱ्यानं एकत्र बांधली होती. तो दोराच पुढे आमच्या मुळावर आला.

वर्गात इस्पितळातल्या एक मावशी येत. नऊ वर्षं त्या तात्पुरत्या नोकरीत होत्या. आता शस्त्रक्रियेच्या विभागात कायम व्हायचं तर मेट्रनबाई इंग्रजीत दहा हुकूम देणार होत्या. नावाच्या जागी इट, हिम घालून हुकूम म्हणून दाखवायचा आणि पाळायचा. आठ बरोबर आले तर नोकरी कायम, नाही तर महिनाअखेर घरी. मावशींनी नऊ वर्षं चादरींच्या घड्या घातल्या होत्या. तोंडानं घोकलं की त्यांच्या डोक्यात नुसता गोंधळ होई. बोटांनी कार्डं सरकवली की मात्र शब्द जागच्या जागी बसत.

"बाई, माझं डोकं माझ्या बोटांत आहे," त्या म्हणत. बाई हसत आणि मला त्यांच्याकडे सरकवत. तेव्हा मला फार बरं वाटे.

परीक्षा सोमवारी होती. शनिवारी बाई बहिणीकडे गेल्या. बाइंडरकाका सहज खोलीत आले आणि त्यांनी माझं झाकण उघडलं. आत कार्डांचा पसारा. सुटी वस्तू दिसली की या माणसाचे हात शिवशिवतात. तेवढ्यात त्यांना तो लाल दोरा दिसला.

"बिचारीला दोनच बांधायला वेळ मिळाला," ते पुटपुटले. त्यांनी सगळी कार्डं बाहेर काढून मला झाकण लावलं आणि खळीचं भांडं घेऊन बसले.

मी जिवाच्या आकांतानं खडखडलो. काकांना वाटलं, झाकण सैल झालंय. त्यांनी वरून एक बुक्की मारून ते घट्ट बसवलं. संध्याकाळपर्यंत माझं एकूण एक कार्ड एका देखण्या कापडी बांधणीच्या पुस्तकात चिकटलं होतं, आणि माझ्या पोटात दोऱ्याची रिळं होती. ती रात्र मी कशी काढली, मलाच ठाऊक.

रविवारी दुपारी मावशी कामावरून थेट आल्या. बाईही नुकत्याच बहिणीकडून परतल्या होत्या. त्यांनी मला उघडलं आणि रिळं पाहून त्यांचा चेहरा उतरला. काकांनी कौतुकानं पुस्तक पुढे केलं. "घ्या, आता एकही हरवायचं नाही!"

मावशींनी इटवर बोट ठेवून ते सरकवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "बाई, हे हलत नाही हो," त्या म्हणाल्या.

"अहो, हे काय करून ठेवलंत! उद्या परीक्षा आहे तिची!" बाई काकांवर कडाडल्या.

"अगं, तूच दोन बांधली होतीस. मला वाटलं..."

"ती दोनच बांधायची असतात! विचारायला काय झालं होतं?"

काका खालीच बसले. आपलं पुस्तक चाळीस वर्षांत उसवलं नाही, ही त्यांची जन्माची फुशारकी. त्यांनी ओलं फडकं घेतलं, पातळ पातं घेतलं आणि स्वतःची बांधणी स्वतःच्या हातानं सोडवायला घेतली. जाड कार्डं सुटली. पातळ सर्वनामांच्या मात्र चिंध्या झाल्या. इटचे तर दोन तुकडे झाले. मावशींनी पिशवीतून हातमोज्यांचं रिकामं खोकं काढलं, कापलं आणि त्यावर शब्द लिहिले. आजवर त्यांनी कार्डं नुसती सरकवली होती, इंग्रजी अक्षर कधी गिरवलं नव्हतं. त्यांचं इट जरा तिरपंच आलं.

सोमवारी ते तिरपं इट मुठीत घेऊन त्या गेल्या. माझ्या मधल्या कप्प्यात एक जागा रिकामी राहिली आणि मला काही सुचेना. बाईंनी तीनदा वेळ विचारली. काकांनी एक वही उलटी शिवली.

चार वाजता मावशी दारात आल्या आणि धपकन खुर्चीत बसल्या.

"पहिले दोन चुकले, बाई. डोक्यात काही येईच ना. मग मूठ आवळली, तशी मधली जागा सापडली. पुढचे सात बरोबर गेले."

"आणि दहावा?"

"बाहेर एक म्हातारेबाबा स्ट्रेचरवर होते, थरथरत होते. मेट्रनबाईंनी तिकडे बोट केलं, म्हणाल्या, लुक आफ्टर द पेशंट. इथे मधे कुणाला जागा नाही, म्हणून मी ते कार्ड खिशात टाकलं, लुक आफ्टर हिम म्हटलं आणि बाबांचा हात धरला. तशीच उभी राहिले. मेट्रनबाईंनी लिहायचं थांबवलं." मावशींनी डोळे पुसले. "कायम केलं, बाई."

मग त्यांनी घामानं मऊ पडलेलं ते कार्ड माझ्या मधल्या कप्प्यात ठेवलं. ते अजूनही सरळ राहत नाही.

मित्रांनो, घरात कुणाचं काही सुटं, विस्कटलेलं दिसलं आणि तुमचेही हात शिवशिवले, तर एवढंच करा : ज्याचं आहे त्याला आधी विचारा. तो पसारा म्हणजेच कुणाची तरी बसलेली घडी असेल. माझ्यातली सगळी कार्डं आता पुन्हा सुटी आहेत. लुक आफ्टरचा लाल दोरा तेवढा नव्यानं बांधला. गाठ बाइंडरकाकांनीच मारली, पण आधी बाईंना विचारून.