दाराचं माप

निन म्याच्या दाराला दोन कड्या होत्या आणि भरदिवसाही ती दोन्ही लावून बसायची. ब्रह्मदेशातल्या मुडोनच्या बाजारात तिचा तीळ-शेंगदाणे घालून खायच्या आंबवलेल्या चहापत्तीचा ठेला होता. तीस वर्षं तिथे बसून ती एवढंच शिकली होती, की फुकट कोणी चिमूटभर तीळसुद्धा देत नाही.

म्हणून कॅन्सरचं तिने फक्त धाकट्या बहिणीला, टिन वेला, सांगितलं, तेही शपथ घालून. पहिलं सलाईन घ्यायला ती एकटीच शहरात गेली. येताना बसमध्ये उलट्या झाल्या आणि कंडक्टरने तिला भर रस्त्यात उतरवलं. आता डॉक्टरांनी बजावलं होतं, शुक्रवारी सोबत कोणी नसेल तर औषध चढवणार नाही. टिन वेची सासू अंथरुणाला खिळलेली, तिला घर सोडता येत नव्हतं. दुसरं होतं कोण?

मंगळवारी दारासमोर पांढरी गाडी थांबली. विहाराच्या आवारातल्या मंडळाची ही गाडी. गरिबांची प्रेतं फुकट स्मशानात नेणारी म्हणून सगळा गाव तिला ओळखायचा. गाडीतून मंडळाचा ऊ फो मिंट उतरला. हातात संत्री, खिशात मोजपट्टी.

"बरं आहे ना, मावशी?"

"आहे अजून. तुला घाई झालीय का?"

तो ओशाळून हसला. तिने त्याला चहासुद्धा विचारला नाही. मग त्याने चक्क तिच्या दाराची रुंदी मोजली आणि वहीत लिहून घेतली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझी पेटी आडवी न्यायची की उभी, ते बघायला आलायस होय?"

"तसं नाही हो, मावशी..."

"मग कसं? आज संत्री, उद्या म्हणशील घर मंडळाला लिहून द्या. निघ!"

संत्री मात्र तिने ठेवून घेतली.

तशीच तरातरा ती बहिणीकडे गेली. "तूच बोललीस ना?"

"बोलले. तुला भर रस्त्यात उतरवलं हे ऐकून मी गप्प बसू होय?"

निन म्या थेट विहारात जाऊन धडकली. मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं: शुक्रवार, निन म्या. म्हणजे तिला स्मशानात न्यायचा वारही यांनी ठरवला! वरच्या ओळीत होतं: गुरुवार, मा सैं यी. आणि ही फुलवाली मा सैं यी तर शेजारच्याच बाकावर शेंगा सोलत बसलेली!

"अगं, तुझं नाव..."

"माझंच आहे. वर्षभर याच गाडीतून डायलिसिसला जातेय मी. मेले असते तर शेंगा खाल्ल्या असत्या का?"

"जिवंत माणसांना नेतात?"

"जिवंतच जास्त. मेलेल्यांना कुठे वेळ गाठायची असते?"

निन म्याचं समाधान झालं नाही. गाडी धुणाऱ्या ऊ फो मिंटकडे ती वळली. "मग दार कशाला मोजलंस?"

तो फडकं पिळत राहिला. "बायकोला हॉस्पिटलातून घरी आणलं, तेव्हा स्ट्रेचर दारातून जाईना. चार बोटं कमी पडली. तिला इतकं दुखत होतं की उचलूही देईना. शेजाऱ्याच्या ओसरीवर ठेवली. तीन दिवस आपल्या घराकडे बघत पडून होती. तिथेच गेली." त्याने फडकं झटकलं. "तेव्हापासून मी आधी दार मोजतो."

यात काही काळंबेरं सापडतं का, ते निन म्याने बराच वेळ शोधून पाहिलं. सापडेना, तेव्हा तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

"माझं किती कमी पडतंय?"

"दाराची फळी काढली तर जाईल आत."

शुक्रवारी सकाळी गाडी आली, तेव्हा फळी भिंतीला टेकवलेली होती, दोन्ही कड्या तिच्यावर लोंबकळत होत्या. निन म्या पिशवी घेऊन उंबऱ्यावर बसली होती. समोर चहाची किटली आणि ताटलीत चहापत्ती, तीळ, शेंगदाणे.

"मावशी, आज तर तुम्ही चालत येणार-जाणार! घर उघडं टाकून निघालात?"

"मा सैं यी बसणारेय इथे. शेंगदाणे मोजून ठेवलेत मी. खा तू."

त्याने घास घेतला. ती गाडीच्या मागच्या दाराकडे बघत होती.

"मला फार भीती वाटतेय रे," ती म्हणाली. "कशीही असले तरी मला घरातच आण."

ऊ फो मिंटने मान डोलावली. तिची पिशवी उचलून त्याने गाडीत ठेवली.